बोर्डिंग, आश्रम आणि भाड्याची खोली

शिकायला परगावी जाणारी मुलं दोन प्रकारची. एक जूनमध्ये पहिल्या वर्षाला जाणारी. त्यांच्यासाठी कॉलेजची यादी लागते, हॉस्टेलचे अर्ज निघतात, सोबत वडील किंवा मामा असतात, ट्रंक आणि गादी एकाच रिक्षातून उतरते. दुसरी मध्येच जाणारी. कुणी डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, कुणी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात. यांचे कागद उशिरा होतात. जुन्या कॉलेजचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट, नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी हे सगळं हातात पडेपर्यंत हॉस्टेलच्या खाटा भरलेल्या असतात. मग सुरू होतं ते बाहेर खोली शोधणं. आणि मुलगी असेल तर घरातले म्हणतात, "जागा नीट मिळाली तर जा, नाही तर आहे तिथंच शीक."

या एका वाक्यापाशी किती जणींचं शिक्षण थांबलं असेल, याची नोंद कुठंच नाही. शाळा कधी निघाली, कॉलेज कधी निघालं, पहिली पदवीधर कोण, हे आपण पाठ करतो. पण शिकणारा मुलगा रात्री झोपला कुठं आणि जेवला कुणाकडे, हा इतिहास आपण फारसा सांगत नाही. खरं बघितलं तर आपल्या समाजाचं शिक्षण सुरू झालं ते वर्गात नव्हे, खोलीत.

थोडं मागं जाऊ या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगाव, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या भागातल्या मुलाला मॅट्रिकच्या पुढं शिकायचं तर गाव सोडण्यावाचून इलाज नव्हता. कोल्हापूरला राजाराम कॉलेज होतं, पुण्याला फर्ग्युसन आणि डेक्कन, नाही तर थेट मुंबई. धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ सालचं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. बेळगावात लिंगराज कॉलेज निघालं ते १९३३ साली. तोवर इथल्या प्रत्येक शिकणाऱ्या मुलाला परगावी छप्पर शोधावं लागलंच.

हे छप्पर सगळ्यांना सारखं मिळत नव्हतं. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला शहरात एक जुनी सोय होती. माधुकरी मागायची, किंवा वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अपमान असायचा, शिळंपाकं असायचं, पण पोट भरायचं. आपल्या शेतकरी जैनाच्या मुलाला ते दार नव्हतं. पेठांमध्ये त्याच्या ओळखीचं घर नाही, आणि खानावळीत जावं तर त्याच्या आईनं सांगून पाठवलेलं: सूर्य मावळायच्या आत जेव, पाणी गाळून पी, कांदा-बटाटा ताटात घेऊ नको. असल्या अटी सांभाळणारी खानावळ त्याला कोण चालवून देणार? तेव्हा एक तर धर्म सोड, नाही तर शाळा सोड, अशी गत. बऱ्याच आयांनी मुलगा परत बोलावून घेतला असणार. शेत तर होतंच.

राजर्षी शाहू महाराजांना हे दुखणं नेमकं कळलं होतं. त्यांनी आधी, १८९६ च्या सुमारास, सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. कारभार ब्राह्मण मंडळींकडे होता, आणि थोड्याच वर्षांत तिथं ब्राह्मणच मुलं उरली. मग महाराजांनी वाट बदलली. प्रत्येक समाजानं आपापलं वसतिगृह काढावं, संस्थान जागा आणि मदत देईल, असं ठरवलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच साली आपलं दिगंबर जैन बोर्डिंग. पुढं मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागोमाग वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. दसरा चौकात आजही उभं राहून बघा, एकेका बोर्डिंगची इमारत जवळजवळ दिसते.

जैन बोर्डिंगच्या पाठीमागं आपल्या माणसांची तयारीही होती. १८९९ साली निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. तवंदीच्या डोंगराकडे आपण जत्रेला जातो, नारळ वाढवतो आणि येतो. पण त्याच ठिकाणी जमलेल्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ठरवलं की मंदिराइतकीच मुलांच्या राहण्याची सोय महत्त्वाची. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी या कामाचे मोठे आश्रयदाते. त्यांनी मुंबईत वडिलांच्या नावानं हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढलं, सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळा बांधली. बेळगावच्या माणिकबाग बोर्डिंगचं नाव तर आपल्या घराघरात आहे.

या बोर्डिंगांनी केलं काय? फार काही नाही. दिवस असताना जेवण, गाळलेलं पाणी, जवळ दर्शनाची सोय, एक खाट, एक कंदील. पण एवढ्यानं घरच्यांची भीती गेली. आईला कळलं की पोरगा शिकूनही पोरगाच राहील. आपल्या भागातले पहिले वकील, शिक्षक, मामलेदार, डॉक्टर बघा. त्यातल्या कितीतरी जणांच्या आयुष्यात एक बोर्डिंग सापडतंच.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात दानाचे प्रकार सांगताना आहार आणि औषध यांच्या बरोबरीनं आवास, म्हणजे राहायला जागा, हेही दान गणलं आहे. तिथं ते व्रती, त्यागी यांच्या सेवेसंबंधी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते शिकणाऱ्या पोरांपर्यंत ओढून आणलं, हे त्यांचं मोठेपण.

आता दुसरी बाजू. तीही आपलीच आहे, म्हणून आपणच सांगितली पाहिजे.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला. परत आल्यावर त्याला सांगितलं गेलं, आंघोळ कर, कपडे बदल, मग भोजनगृहात ये. तो म्हणाला, मी आंघोळ करणार नाही. त्याला बोर्डिंगमधून काढून टाकलं. मुलगा कुंभोजला आजोळी जन्मलेला, ऐतवड्याच्या पाटलांचा. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढं महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला.

हा प्रसंग आपल्याकडे सभांमध्ये कौतुकानं सांगतात. भाऊराव आमचे, असं अभिमानानं म्हणतात. अभिमान खराच आहे. पण त्या संध्याकाळी दार लावलं तेही आमचंच होतं ना? बोर्डिंग काढताना आपण म्हटलं होतं की दुसऱ्यांची दारं आमच्या मुलांना बंद आहेत. आणि सात वर्षांत आपल्या दारावर कुणी यावं न यावं, कुणाला शिवून यावं न यावं, याचे नियम लागले. वाईट माणसं होती म्हणून हे झालं असं नाही. ती चांगली, सुधारक, शिकलेली माणसं होती. जागा आपली झाली की तिचा नियमही आपलाच चालावा असं माणसाला वाटतं, आणि तो नियम कुणाला बाहेर ठेवतो हे आतल्याला दिसत नाही.

भाऊराव काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. शालेय शिक्षण काही मॅट्रिकपर्यंत पोचलं नाही. त्या काळी बोर्डिंगच्या कारभारात ज्यांचा मोठा शब्द होता ते अण्णासाहेब लठ्ठे, आपल्या समाजातले थोर विद्वान, पुढं बेळगावात वकिली केलेले आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झालेले. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात त्यांना एका डांबर प्रकरणात गोवण्याचा घाट घातला गेला आणि भाऊरावांवर त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायचा दाब आला. भाऊरावांनी छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. ज्यांच्या बोर्डिंगनं घराबाहेर काढलं त्यांच्यासाठी हा माणूस ताठ उभा राहिला. मला वाटतं, आपल्या मुलांना भाऊरावांची एकच गोष्ट सांगायची असेल तर आंघोळीच्या गोष्टीला ही जोडूनच सांगावी.

खोली नाकारली जाण्याचं दुःख शिक्षणानं किंवा हुद्द्यानं टळत होतं असंही नाही. बडोद्याच्या वाचकांना ठाऊक असेल. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून, सयाजीराव महाराजांच्या संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला आले. शहरात कुणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. ते बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. पाठीशी महाराज होते, हातात परदेशी शिक्षण होतं. नव्हती ती फक्त खोली.

भाऊरावांनी या सगळ्यावर जे उत्तर काढलं ते भाषणाचं नव्हतं. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथं महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. ज्या मुलाला भोजनगृहाच्या दारात अडवलं, त्यानं भोजनगृहच असं उभं केलं की दारात कुणाला आडनाव विचारायचं कारण उरलं नाही.

आणि ते उभं राहिलं कुणाच्या जिवावर? इथं लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. भाऊरावांच्या पत्नी, कुंभोजच्याच, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. आपल्या आज्ज्या जशा होत्या तशाच. त्यांच्या घरात सगळ्या जातींची पोरं आली. त्यांना काय वाटलं असेल, पहिल्या दिवशी चुलीपाशी बसून त्यांनी मनाशी काय म्हटलं असेल, हे कुणी विचारून ठेवलं नाही. एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे की त्यांनी त्या पोरांची आई होणं पत्करलं. पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने गेले, आणि धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रही दिलं. सधवेनं मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, हे पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत एका ओळीत येतं. आपल्याला ती ओळ वाचून थांबावं लागतं. १९३० साली त्या गेल्या. रयतचा वटवृक्ष झालेला त्यांनी बघितला नाही.

त्या काळात मुष्टिफंड निघाला होता, तोही विसरू नये. घरोघरच्या बायकांनी दळायच्या धान्यातून मूठभर बाजूला काढायचं, ते बोर्डिंगला जायचं. शाळेत पाऊल न ठेवलेल्या बायकांनी मुठीमुठीनं दुसऱ्यांची पोरं शिकवली.

मग मुलींचं काय? आपल्या भाषेकडे लक्ष द्या, तीच सांगते. मुलग्यांसाठी निघालं ते बोर्डिंग. बायकांसाठी निघाला तो आश्रम. बोर्डिंग म्हणजे पुढं जाण्यासाठी चार वर्षं थांबायची जागा. आश्रम म्हणजे दुसरं कुठं जायला नाही म्हणून मिळालेला आसरा. शेठ माणिकचंदांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. १९०९ च्या सुमारास मगनबाईंनी श्राविकाश्रम उभा केला. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई, ललिताबाई अशा सोबतिणी त्यांना मिळाल्या. पुढं सोलापुरात श्राविकाश्रमाचं काम पंडिता सुमतीबाई शहा यांनी किती वाढवलं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. हिंगण्याला कर्व्यांनी, त्याआधी पंडिता रमाबाईंनी शारदा सदनात हेच केलं होतं.

या आश्रमांतून शिक्षिका तयार झाल्या. गावोगावच्या कन्याशाळा त्यांनी चालवल्या. म्हणजे नाव आश्रमाचं असलं तरी काम बोर्डिंगचं झालं. पण नावातली ती छाया अजून गेलेली नाही. मुलगा बाहेर राहतो म्हटलं की आपण विचारतो, "कुठल्या कॉलेजला?" मुलगी बाहेर राहते म्हटलं की विचारतो, "कुणाकडे?" तिनं कुणाच्या तरी आसऱ्यालाच असावं असं आपल्याला अजून वाटतं.

सीमाभागातल्या मुलींच्या वाट्याला यात एक जास्तीची अडचण आली. आधी बेळगावची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ नंतर इकडे कर्नाटक विद्यापीठ आलं, तिकडे पुणे विद्यापीठ. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यंच वेगळी झाली. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं. बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, एका सकाळी जाऊन येण्यासारखं. नात्यागोत्याचं, जत्रेखेत्रेचं गाव. पण कागदावर ते परकं विद्यापीठ झालं. इथं बी.ए.चं पहिलं वर्ष केलेल्या मुलीला मराठी घेऊन तिकडं पुढं शिकायचं तर ती बाहेरची विद्यार्थिनी. दाखला, मायग्रेशन, एलिजिबिलिटी, आणि या सगळ्यात ऑगस्ट उजाडतो. हॉस्टेलच्या पाटीवर 'जागा शिल्लक नाही'. म्हणून राजारामपुरीत, शाहूपुरीत, कुणा काकूंच्या घरी वरची खोली.

या काकूंचाही इतिहास कुणी लिहिलेला नाही. नवरा गेल्यावर मागं राहिलेलं घर, दोन जादा खोल्या आणि हातातली चव एवढ्या भांडवलावर कितीतरी बायकांनी पोरींना ठेवलं, डबे पुरवले, आणि स्वतःची पोरंही शिकवली. तिला भाड्याची गरज, हिला छपराची. यात उपकार कुणाचा कुणावर नाही. बोर्डिंगांच्या भिंतीवर देणगीदारांच्या फरश्या आहेत, या काकूंच्या नावाची फरशी कुठंच नाही. मध्येच आलेल्या, यादीत न बसलेल्या मुलींना शिकवलं ते मात्र त्यांनीच.

आज काय दिसतं? आज बेळगावात स्वतःचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची, मेडिकलची कॉलेजं आहेत. बाहेरून मुली इथं येतात, इथल्या पुण्याला, हुबळीला, हैदराबादला जातात. पीजी म्हणतात आता, एका खोलीत तीन खाटा. आणि दारातले प्रश्न तेच. आधी आडनाव. आपल्याकडे आडनावानं काम भागत नाही, कारण पाटील जैनही असतात, मराठाही, लिंगायतही. मग दुसरा प्रश्न येतो, "पाटील म्हणजे कुठले?" मुलीला कळतं काय विचारलंय ते. तिसरा प्रश्न खाण्याचा. तिच्या मार्कांचा प्रश्न कुणीच विचारत नाही.

खाण्याचा प्रश्न आपल्याला जवळचा आहे, म्हणून त्यावर नीट बोलायला हवं. स्वयंपाकघर आपलं असेल तर तिथं काय शिजावं हे सांगायचा हक्क घरधनिणीला आहे. "घरात मांसाहार चालणार नाही, रात्री स्वयंपाकघर बंद," असं स्पष्ट सांगितलं तर मुलगी तिचं ती ठरवेल. हा नियम झाला. पण नियम न सांगता, नुसतं आडनाव ऐकून "खोली कालच गेली हो" म्हणणं, हा नियम नव्हे. हा १९०८ सालचा दरवाजा. जी मुलगी आपल्या घरात आपल्यासारखं जेवायला तयार आहे तिलाही आपण परत पाठवतो, तेव्हा आपण अहिंसा पाळत नसतो, फक्त जात पाळत असतो. आणि हेही लक्षात असू द्या की दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाच्या दारात, आपलीच लेक "आम्ही कांदा-लसूण खात नाही" म्हणत खोली शोधत उभी असते.

आपल्या बोर्डिंगांच्या कमिट्यांवर आता काही बायकाही आहेत. त्यांच्यापाशी एक मागणं आहे. जूनमध्ये सगळ्या खाटा वाटून टाकू नका. दोन-तीन खाटा ऑगस्टअखेरपर्यंत मोकळ्या ठेवा, मध्येच येणाऱ्या मुलींसाठी. कागद उशिरा होणं हा तिचा गुन्हा नाही. खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस राहता आलं तरी ती घाईनं भलत्या जागी पैसे अडकवणार नाही. अनामत देताना पावती मागेल, पाणी किती वाजता येतं, रात्री अभ्यासिकेतून यायची वाट उजेडाची आहे का, हे दोनदा जाऊन बघेल. या साध्या गोष्टींना वेळ लागतो, आणि डोक्यावर छप्पर असलं तरच माणसाला वेळ मिळतो.

ज्यांच्याकडे जादा खोली आहे त्यांनीही विचार करावा. मुलगे परदेशी गेले, वरचा मजला बंद पडलाय, सणाला एकदा झाडून घेतो. तिथं एखादी मुलगी राहिली तर दिवा लागेल. भाडं जरूर घ्या, नियम जरूर सांगा, आणि ती कुणाची हे विचारायच्या आधी काय शिकते ते विचारा.